वर्सोव्याहून परळला : दीर्घ आजार, दान आणि हक्क

वर्सोव्याहून परळला जाण्याचा मार्ग आज अवघड राहिलेला नाही. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाल्यापासून वर्सोवा स्थानकातून काही मिनिटांत अंधेरी गाठता येते. तेथून पश्चिम रेल्वेने दादर, आणि पुढे बसने किंवा पायी डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरील टाटा स्मारक रुग्णालय. गर्दी धरूनही हा दीड तासाचा प्रवास आहे. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सतरा वर्षे भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना तो पूर्ण करण्यास अकरा महिने लागले.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. महाडचा सत्याग्रह अथवा नाणेघाटातील शिलालेख यांपैकी एखादा विषय आम्ही निवडू, अशी त्यांची समजूत असावी. परंतु गेल्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांचा आणि अंधेरी-वर्सोवा पट्ट्यात राहणाऱ्या काही माजी विद्यार्थ्यांचा बराच वेळ रुग्णालयांच्या रांगांमध्ये गेला आहे. रांगेत उभे राहून जे पाहिले त्याचा इतिहास शोधावा असे वाटू लागले. तोच येथे मांडीत आहोत.

मावशी मूळच्या जालना जिल्ह्यातील. १९७२ च्या दुष्काळात आईवडिलांबरोबर मुंबईत आल्या, तेव्हा त्या लहान होत्या. वर्सोवा कोळीवाड्याच्या मागील अंगास असलेल्या वस्तीत त्यांची खोली आहे. मिश्री लावण्याची सवय त्यांना आईकडून लागली. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड सकाळी दात घासण्यासाठी म्हणून तोंडात जाते, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा जाऊ लागते. आपल्या समाजातील कितीतरी घरांत चुलीजवळच्या कोनाड्यात तिची डबी असे, अजूनही असते. बिडी ओढणाऱ्या पुरुषाला घरातील मुले बोल लावतात, पण मिश्री लावणाऱ्या आजीला कोणी काही म्हणत नाही, कारण तिला कोणी व्यसन समजतच नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात मावशींनी ठेचा खाणे सोडले. पुढे आमटीही फिकी लागली तरच त्या घेऊ लागल्या. दिवाळीनंतर भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. हे सर्व आमच्या डोळ्यांसमोर, त्याच भोजनगृहात, रोज दोन वेळा घडत होते. आमच्यापैकी एका बाईंनी विचारलेही. "तोंड आलंय बाई, दुसरं काय," एवढेच उत्तर मिळाले आणि आम्हांस ते पुरले. वस्तीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात दाढ किडली म्हणून दोनदा गोळ्या दिल्या गेल्या. तिसऱ्या वेळी दाढ काढली. जखम भरली नाही. तोंड उघडेनासे झाले तेव्हा त्यांच्या मुलीने आम्हांस येऊन सांगितले. मे २०१७ मध्ये परळच्या डॉक्टरांनी गालाच्या आतील बाजूचा कर्करोग असल्याचे निदान केले.

आम्ही दहावीच्या वर्गाला तंबाखूचे दुष्परिणाम शिकवीत होतो. तक्त्यावर चित्र होते. तिखट सहन न होणे, तोंडातील पांढरा अथवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, ही सारी लक्षणे मुलांना पाठ होती आणि परीक्षेत ती लिहून त्यांनी गुणही मिळविले होते. हे येथे नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते.

परळचा इतिहास

टाटा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पहाटे बसलेली माणसे पाहिली की हे रुग्णालय कोणी आणि का बांधले असा प्रश्न पडतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते, आणि तशी सोय आपल्या देशात असावी ही इच्छा त्या दुःखातून निर्माण झाली. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये रुग्णालय सुरू झाले. एका धनाढ्य कुटुंबाचे खाजगी दुःख गिरणगावाच्या मध्यभागी दगडविटांत उभे राहिले.

पुढील भाग मात्र दानाच्या कथा सांगणारे सहसा सांगत नाहीत. रुग्णालय चालविणे हे एका निधीच्या आवाक्याबाहेरचे आणि केवळ एका निधीचे कर्तव्यही नव्हे, हे लवकरच स्पष्ट झाले. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले, १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला, आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था यांचे मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. आज तेथे गरीब रुग्णांवर जे नाममात्र खर्चात उपचार होतात, त्यामागे दात्यांचा पैसा आहेच, पण त्याहून मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीचा आहे. तो पैसा मीठ-काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने कररूपाने भरलेला आहे. रुग्णालयात जाताना आपल्या माणसांची मान खाली झुकलेली असते, म्हणून हे सांगावेसे वाटते.

परळशी आपले नाते त्याहून जुने आहे. याच परळात पोयबावाडीच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. याच परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली, आणि सभेचे पहिले ठळक काम म्हणजे १९२५ मध्ये सोलापूरला काढलेले वसतिगृह. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण ज्या परंपरेचे स्मरण करीत आहोत तिचे एक मूळ त्या परिसरात आहे. मावशींना किरणोपचार चालू असताना आम्ही एका दुपारी दोन माजी विद्यार्थ्यांना ती चाळ दाखविण्यास नेले. एवढी वर्षे वर्गात शिकवूनही ती आम्ही प्रथमच पाहत होतो.

रुग्णालयाभोवती दानाची एक वेगळीच वस्ती आहे. मुंबईबाहेरून आलेला रुग्ण आठ-आठ महिने राहणार कोठे, हा तेथील सर्वांत जुना प्रश्न. त्याला मिळालेले एक उत्तर म्हणजे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची त्यांची धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच होती, आणि दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चात त्याच वाटेने कर्करुग्णांचा आसरा झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती, हे आपल्या वाचकांस ज्ञात आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबाही गेले. अक्षरशत्रू राहिलेल्या त्या माणसाला रुग्णालयाबाहेर झोपलेल्या नातेवाइकाची अडचण कळली होती. नियोजन मंडळांना ती आजही पुरती कळलेली दिसत नाही.

त्याखेरीज १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांनी स्थापन केलेली इंडियन कॅन्सर सोसायटी आहे. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली ती याच सोसायटीच्या पुढाकाराने. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या नोंदणीचे मोल विशेष वाटते, कारण ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी खाट मागता येत नाही. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन निघाली. १९८० च्या दशकापासून हरखचंद सावला यांनी रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर रुग्णांना व नातेवाइकांना जेवण देण्याचा नेम धरला. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नाने वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले. बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णास वेदनामुक्त दिवस देणारी ती देशातील पहिली संस्था. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था बाहेरगावच्या बालरुग्णांना आईवडिलांसह विनामूल्य निवारा देते. वैचारिकदृष्ट्या आमच्या अगदी दुसऱ्या टोकाला असलेल्या मंडळींचेही एक सेवासदन परळला आहे. तेथे आपल्या लोकांना जात विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही, आणि ऐकलेले नाही ते लिहिणार नाही.

मात्र या साऱ्या व्यवस्थेत एक फट आहे आणि ती आम्हांस मावशींमुळे दिसली. शस्त्रक्रियेनंतर त्यांना किरणोपचार सांगितले गेले : आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. किरणांचा झोत काही मिनिटांचा, पण त्यासाठी रोज जाणे-येणे तीन-चार तासांचे. निवाऱ्यासाठी आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्हीकडे आदराने वागविले, पण उत्तर एकच मिळाले : आपण मुंबईतच राहता. त्यांचेही चुकत नव्हते. बिहारमधून आलेल्या कुटुंबाला फुटपाथवर ठेवून वर्सोव्याच्या बाईला खाट देणे न्याय्य झाले नसते. परंतु मुंबईत राहणे म्हणजे काय? दहा बाय दहाची खोली, तीत सहा माणसे, सार्वजनिक शौचालयाची रांग, भरतीच्या वेळी गटाराचे पाणी उंबऱ्याशी. ज्याच्या तोंडातील त्वचा भाजून निघाली आहे आणि नाकातील नळीने ज्याला पातळ अन्न द्यावे लागते, अशा माणसाला ते घर रुग्णालयापासून बिहारइतकेच दूर असते. उपनगरातील गरीब दान-व्यवस्थेच्या नकाशावर श्रीमंत शहराचा रहिवासी म्हणून गणला जातो.

त्या सहा आठवड्यांत माजी विद्यार्थ्यांनी पाळ्या लावल्या. मुलगी चार घरची कामे करीत होती. ती तीस दिवस रजेवर गेली असती तर घरात चूल पेटली नसती. एक रिक्षाचालक, एक बँकेतील शिपाई, एक परिचारिका आणि महाविद्यालयात शिकणारे तिघे, अशी सहा जणांची यादी भोजनगृहाच्या फळ्यावर लिहिली गेली. आपल्या उपनगरी गाड्यांतील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णासही प्रवास करता येतो, ही गोष्ट आम्हांस पहिल्या आठवड्यात ठाऊक नव्हती. पाच दिवस मावशी साध्या डब्यात उभ्याने गेल्या.

वस्तीतील एक मोठा प्रयोग

कर्करोग गरिबाकडे उशिरा उघडकीस येतो तो गरीब अडाणी असतो म्हणून, असे सुशिक्षितांत सर्रास बोलले जाते. या समजुतीला मुंबईच्या वस्त्यांनीच मोठे उत्तर दिलेले आहे, पण ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाही.

१९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील वस्त्यांचे वीस गट निवडले. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यांत होत्या. दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी एकूण चार वेळा, गर्भाशयमुखाची तपासणी झाली. साधन होते व्हिनेगर, म्हणजे पातळ ॲसेटिक आम्ल. ते लावल्यावर मिनिटभराने संशयास्पद भाग पांढुरका दिसतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, महाग यंत्र लागत नाही. आणि तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी या कामाचे निष्कर्ष जून २०१३ मध्ये शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले. तपासणी झालेल्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ही पद्धत देशभर नेल्यास वर्षाला सुमारे २२,००० मृत्यू टळतील, असा त्यांचा अंदाज होता. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यसेविकेने हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तसा लाभ दिसला नाही, आणि तेही संशोधकांनी लपविले नाही.

आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. सेविकांचे शिक्षण त्यांच्याइतकेच होते.

परंतु इतिहासाच्या शिक्षकाने नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. उरलेल्या दहा गटांतील पाऊण लाख स्त्रियांचे काय झाले? त्यांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी मिळाली नाही. तुलना करायची तर एक गट तसाच ठेवावा लागतो, हे शास्त्राचे म्हणणे. त्या काळी देशात कोणत्याच गरीब स्त्रीची अशी नियमित तपासणी होत नव्हती, तेव्हा कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही, हे संशोधकांचे म्हणणे. पण तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीपासून ठाऊक असताना या स्त्रियांना वर्षानुवर्षे तशाच ठेवणे योग्य होते काय, आणि संमती घेताना त्यांना हे पुरेसे सांगितले होते काय, असे आक्षेप देशात व परदेशांत घेतले गेले. अमेरिकी सरकारी पैशावर असा अभ्यास अमेरिकेतील स्त्रियांवर झाला असता काय, हा प्रश्नही विचारला गेला.

आमचे मत सांगायचे तर, या प्रयोगाने स्वस्त तपासणीची वाट खुली केली आणि तिचा लाभ जगभरातील गरीब स्त्रियांना होऊ शकतो, हे आम्ही मानतो. पण प्रयोगासाठी नेहमी आपलीच वस्ती का सापडते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आम्ही सोडणार नाही. आणि सर्वांत कडू गोष्ट या दोन्हींच्या पलीकडची आहे. निष्कर्ष हाती आल्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी वर्सोव्याच्या आमच्या वस्तीतील पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना आम्ही विचारले तेव्हा ही तपासणी झालेल्या फार थोड्या निघाल्या. तुलना-गट अजून चालूच आहे, असे म्हणावे लागते.

असाच आणखी एक धडा बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ खेड्यांच्या गटांत विषाणू-चाचणीचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आता या विषाणूवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लसही काढली आहे. ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना तिच्या दोन मात्रा पुरतात. वसतिगृहातील मुलींच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी अवश्य बोलावे.

ज्याला दाता मिळत नाही तो आजार

कर्करोगाच्या नावाने माणसाच्या काळजात धस्स होते, म्हणून त्यासाठी हात पुढे येतात. केस गळालेल्या लहान मुलाचे छायाचित्र पाहून दात्याचे मन द्रवते. मधुमेहाच्या गोळीचे छायाचित्र पाहून कोणाचेही मन द्रवत नाही. महिन्याला काहीशे रुपयांची ती गोळी वीस वर्षे रोज घ्यावी लागते, आणि वीस वर्षे दर महिन्याला दान देणारा दाता आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

कोळीवाड्यातील ज्या बायका पाट्या घेऊन दिवसभर ओल्यात उभ्या राहतात त्यांना विचारावे. मधुमेहाने पायाची जाणीव बोथट झालेली असते, कोळंबीचा अथवा शिंगाळ्याचा काटा शिरला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा बोट काळे पडलेले असते. बर्फ हाताशी असतो म्हणून एका घरी इन्सुलिनची कुपी मासळीच्या बर्फपेटीत ठेवलेली आम्ही पाहिली. औषध गोठून निकामी झाले होते. ते थंड ठेवावे असे सांगितले होते, गोठू देऊ नये हे सांगायचे राहिले. फ्रीज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवली तरी काम भागते. एवढ्या एका वाक्यासाठी एका बाईची शर्करा महिनाभर चढलेली होती.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण जयंतीच्या भाषणांतून क्वचितच सांगतो. पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप जाई. मुंबईत डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत, आणि तेथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. संविधानाचा मसुदा सिद्ध करण्याचे काम ज्या काळात चालू होते, त्याच काळात पथ्य, औषध आणि वेदना यांचेही वेळापत्रक त्यांच्या घरात चालू होते. घरातील मधुमेही आजोबांवर पथ्यावरून चिडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने घेरलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी करीत नाही. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला विचारले की येथे तुम्हांस आई नाही, बाप नाही, तेव्हा तुम्ही एकमेकांची सेवा करणार नसाल तर कोण करणार? पुढे तेथे चांगल्या शुश्रूषकाचे गुणही दिले आहेत : औषध तयार करता यावे, रुग्णास काय चालते व काय चालत नाही हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, आणि मलमूत्र, वांती यांची किळस वाटू नये. वर्गात हा प्रसंग अनेकदा सांगूनही आमचे लक्ष त्या भिक्खूच्या उत्तराकडे उशिरा गेले. जो उपयोगी नाही त्याची सेवा नाही, हा जगाचा जुना हिशेब त्याने स्वतःही मान्य केलेला होता. मावशी अकरा महिने "तोंड आलंय" म्हणत राहिल्या, त्यामागेही कामावरून काढतील ही भीती होती. हे त्यांनी आम्हांस फार पुढे सांगितले.

आणि आपल्याच परंपरेतील दुसरे नाव : १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात पोहोचविणाऱ्या सावित्रीबाई. तो दवाखाना त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंताने, उघडला होता. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. शाळा काढणाऱ्या बाईच्या आयुष्याचा शेवट रुग्णसेवेत झाला, हे शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना आमचा हात थोडा थांबतो.

कागद

रुग्णाच्या कुटुंबाला सर्वाधिक दमविणारी गोष्ट आजार नव्हे, कागद होय. मावशींचे नाव गावाकडच्या भावाच्या शिधापत्रिकेवर होते, मुंबईच्या पत्रिकेवर नव्हते. राज्य शासनाची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तीत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार बसतात. पण जोतिरावांच्या नावाच्या योजनेत शिरण्यासाठी मावशींना नाव कमी केल्याचा दाखला जालन्याहून आणावा लागला. त्यात एक महिना गेला. जातीच्या दाखल्यासाठी आज्याचा जन्म शोधणारा आपला समाज कागदाला भिणारा नाही, पण तो शोध आजारी पडल्यावर सुरू करू नये. आधार आणि शिधापत्रिकेवरील नावे जुळतात काय, हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याने या महिन्यातच पाहावे. रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्याही आधी त्याला भेटावे.

दुसरी गोष्ट थोड्यांनाच माहीत आहे. मुंबईतील अनेक मोठी, चकचकीत रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी देयकांच्या रकमेतून दोन टक्के निधी बाजूला काढावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, ती विचारून घ्यावी. तहसीलदाराचा दाखला वा शिधापत्रिका न्यावी. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. ही भीक नव्हे. त्या रुग्णालयांनी धर्मादाय म्हणून सवलती घेतलेल्या असतात, त्यांची ही परतफेड आहे. दाराशी उभा असलेला पहारेकरी पाहूनच आपली माणसे परत फिरतात, म्हणून बरोबर एखादा बोलणारा माणूस असावा.

अशा बोलणाऱ्या माणसाला आता व्यवसाय म्हणूनही मान्यता मिळू लागली आहे. टाटा स्मारक केंद्राने रुग्णांना वाट दाखविणारे सहायक घडविण्यासाठी 'केवट' नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. नाव रामायणातील नावाड्याचे आहे. आम्ही दुसरे एखादे सुचविले असते, पण होडी पैलतीरी नेणारा माणूस कोळीवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. पदवी घेऊन घरी बसलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या वाटेचा विचार करावा.

शाळेत आता एक वही ठेवलेली आहे. दर तीन महिन्यांनी स्वयंपाकघर, सफाई आणि पहारा सांभाळणाऱ्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाचे तोंड पाहिले जाते : उजेडात, आरशासमोर, दोन्ही गाल आणि जिभेखाली. तोंडात तीन बोटे उभी मावतात काय, तेही पाहतात. पहिल्या खेपेस दोघांची बोटे मावली नाहीत. दोघेही शिक्षक होते, आणि त्यांपैकी एकाच्या खिशात तेव्हाही पुडी होती. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, हे त्यांनीच वर्गाला शिकविलेले. दोघेही सध्या तपासणीखाली आहेत.

मावशींचा जबडा एका बाजूने काढलेला आहे. बोलणे अस्पष्ट झाले, भाकरी चावता येत नाही, आणि स्वयंपाकघरात त्या आता थापण्याऐवजी निवडण्याचे काम करतात. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो आणि कोठल्या नळाचे पाणी पिण्याजोगे असते, हे आमच्या सहा जणांच्या यादीतील कोणाहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. गेल्या महिन्यात कोळीवाड्यातील मासळी विकणाऱ्या एका बाईंना गालात गाठ आली. शाळेतून कोण बरोबर जाणार हे ठरत असतानाच मावशींनी पदर खोचला आणि फळ्यावर स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. सकाळी सहाच्या मेट्रोने दोघी गेल्या. पुढील तारीख सोमवारची आहे.